दिल्लीची लढाई, १८०३ : मराठा आघाडीच्या कच्च्या दुव्यांचा ब्रिटिशांनी घेतलेला वेध

दिल्लीला लागून असलेल्या नोएडा शहरातील गोल्फ मैदानाच्या आवारात एक स्मारकस्तंभ उभा आहे. ब्रिटिश राजवटीत, १९१६ मध्ये तो उभारण्यात आला. ‘जीतगढ’ या नावाने तो ओळखला जातो; ही जीत अर्थातच ब्रिटिशांची. याच परिसरात ११ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांच्या कवायती पलटणी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात लढाई झाली. इतिहासात ती दिल्लीची लढाई किंवा पटपडगंजची लढाई म्हणून नोंदली गेली आहे. या एका दिवसाच्या लढाईने दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपुष्टात आणला.

मात्र या लढाईचा निकाल केवळ रणांगणावर लागला नव्हता. प्रतिपक्षाच्या आघाडीत कोण कोणावर विसंबून आहे, कोणाचा पैसा कोठून येतो आणि कोण कोणत्या किमतीला बाजूला होऊ शकतो, याचा हिशेब कोलकात्यात आधीच मांडण्यात आला होता. शत्रूच्या आघाडीतील उणिवा हेरून युद्धाचा आराखडा कसा आखला जातो, याचे हे हिंदुस्थानच्या इतिहासातील एक ठळक उदाहरण होय. अशा हिशेबात कोणत्या गोष्टी निसटतात, हेही याच युद्धाने पुढच्या दोन वर्षांत दाखवून दिले.

आघाडी, पण कोणाची?

पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि बडोद्याचे गायकवाड या पाच सत्तांना मिळून मराठा मंडळ असे म्हटले जाते. या मंडळाला सामाईक खजिना नव्हता, सामाईक सेनापती नव्हता, की एकत्र येण्याचा लेखी करारही नव्हता. पेशव्यांच्या पदाविषयीचा आदर आणि महादजी शिंदे व नाना फडणीस यांच्यासारख्या पुरुषांची पकड यांवर हे मंडळ उभे होते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये खर्ड्याच्या लढाईत सारे मराठा सरदार निजामाविरुद्ध एकत्र आले, ते अखेरचेच. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस यांचे निधन झाले आणि सरदारांच्या भांडणांना आवर घालणारा कोणी उरला नाही.

१८०१ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे यांच्या आज्ञेने विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटले आणि शिंद्यांच्या फौजेने इंदूर. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले व ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे त्यांनी तैनाती फौज स्वीकारली. गायकवाड त्याआधीच कंपनीच्या आश्रयाखाली आले होते. म्हणजे ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा पाचांपैकी दोघे कंपनीच्या बाजूला बांधले गेले होते, तिसरे होळकर तटस्थ राहून माळव्याकडे निघून गेले होते, आणि मैदानात शिंदे व भोसले एवढे दोघेच उरले होते.

या दोघांचाही एक विचार ठरलेला नव्हता. शिंद्यांच्या छावणीतील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल जॉन कॉलिन्स यांनी मे १८०३ मध्ये त्यांचा इरादा विचारला असता, भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की शांतता ते कळवू, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. मराठी इतिहासलेखनात हे उत्तर बाणेदारपणाचे म्हणून सांगितले जाते. ब्रिटिशांच्या लेखी मात्र ती उपयुक्त माहिती होती. मित्राशी बोलणे होईपर्यंत ज्याचा निर्णय होत नाही, त्याच्यावर वेळेचे दडपण आणता येते. कॉलिन्स ३ ऑगस्ट रोजी छावणी सोडून निघाले आणि ८ ऑगस्टला आर्थर वेलस्ली यांचे सैन्य अहमदनगरच्या पेठेवर चालून गेले.

कोलकात्यातील आराखडा

गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली यांनी जुलै १८०३ मध्ये सरसेनापती जनरल जेरार्ड लेक यांना पाठविलेल्या सूचनांत उत्तरेतील मोहिमेची उद्दिष्टे स्पष्ट केली होती. यमुनेच्या काठी असलेले फ्रेंच सेनानी पेराँ यांचे बळ मोडणे, कंपनीची सरहद्द यमुनेपर्यंत नेणे, मोगल बादशहाची नाममात्र सत्ता आपल्या हाती घेणे आणि यमुनेच्या दक्षिण व पश्चिमेकडील लहान राज्यांशी मैत्रीचे तह करणे, असा तो कार्यक्रम होता. हे सारे संरक्षणाच्या नावाने मांडण्यात आले होते. युरोपात मे १८०३ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध सुरू झाले होते आणि दिल्लीच्या दारात एक फ्रेंच माणूस तयार फौज घेऊन बसला आहे, हे चित्र लंडनला पटण्याजोगे होते. प्रत्यक्षात पेराँ यांना हिंदुस्थान सोडून आपली संपत्ती सुखरूप युरोपात नेण्याची घाई झालेली होती. फ्रेंच धोक्याचा बाऊ केला गेला, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

तरीही धोक्याच्या या अतिशयोक्त चित्राखाली केलेले मूल्यमापन मात्र बारकाईचे होते. महादजींनी १७८४ मध्ये बेन्वा डिबॉईन या सेनानीला नोकरीत घेऊन कवायती पायदळ आणि तोफखाना उभा केला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथील लढायांत या कंपूंनी राजपूत फौजांचा पराभव केला. या सैन्याचा खर्च भागविण्यासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातील मुलूख ‘जायदाद’ म्हणून सेनापतीकडे लावून दिलेला होता. डिबॉईन नंतर १७९६ च्या सुमारास हा कारभार पेराँ यांच्याकडे आला. त्यांचे ठाणे कोईल, म्हणजे आजचे अलिगढ, येथे होते.

या व्यवस्थेमुळे फौजेला वेळेवर पगार मिळे, हा तिचा गुण. परंतु फौज, तिचा सेनापती आणि तिचा पगार हे तिन्ही एकाच प्रदेशात, तेही कंपनीच्या सरहद्दीला लागून, एकवटलेले होते. दुआब हातचा गेला की पलटणींची तनखा थांबणार. दौलतराव स्वतः शेकडो मैल दूर दख्खनमध्ये होते. उत्तरेत काय घडत आहे, याची बातमी त्यांना मिळून तिचे उत्तर परत येईपर्यंत कित्येक दिवस लोटत.

दुसरा कच्चा दुवा माणसांचा होता. कवायती पलटणींवरील युरोपीय अधिकारी हे करारावर आलेले होते. त्यांत फ्रेंच होते, तसेच ब्रिटिश आणि ब्रिटिश पिता व भारतीय माता असलेलेही होते. कंपनीने ऑगस्ट १८०३ मध्ये जाहीरनामा काढून शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना निर्वाहवेतनाचे आश्वासन दिले. याचा परिणाम दुहेरी झाला. काही अधिकारी निघून आले. जे राहिले, त्यांच्याविषयी संशय उत्पन्न झाला. पेराँ यांनी ब्रिटिश रक्ताच्या अधिकाऱ्यांना सरसकट दूर केले. पुढे कंपनीच्या घोडदळाचे प्रसिद्ध सेनानी झालेले जेम्स स्किनर हे त्यांपैकीच एक. दिल्लीतील काश्मिरी गेटजवळचे सेंट जेम्स चर्च, ज्याचे काम १८३६ मध्ये पूर्ण झाले, ते याच स्किनर यांनी बांधविले. शिंद्यांच्या सेवेतच राहण्याची त्यांची इच्छा होती. त्यांना घालवले ते संशयाने.

ही युक्ती नवी नव्हती. १७९८ मध्ये हैदराबादेत निजामाच्या फ्रेंच अधिकाऱ्यांखालील कंपूला ब्रिटिशांनी लढाई न करता निःशस्त्र केले होते. हा प्रसंग पुणे दरबाराच्या शेजारीच घडला. पण शिंद्यांनी त्यावरून आपल्या फौजेच्या रचनेत काही फेरबदल केल्याचे दिसत नाही.

आराखड्यातील आणखी एक बाब दख्खनच्या आघाडीची होती. मराठा घोडदळाचे सारे बळ चपळाईत आहे आणि पावसाळ्यात भरलेल्या नद्या ही चपळाई रोखतात, असा आर्थर वेलस्ली यांचा हिशेब होता. त्यांनी नद्या ओलांडण्यासाठी होड्यांची व्यवस्था आधीच करून ठेवली व ऐन पावसात मोहीम उघडली. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याची परंपरा असलेल्या सैन्याला श्रावण-भाद्रपदात युद्ध लढावे लागले.

अलिगढ ते पटपडगंज

लेक ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कानपूरहून निघाले. २९ ऑगस्टला कोईलजवळ पेराँ यांच्या घोडदळाशी किरकोळ चकमक झाली आणि पेराँ मागे हटले. ४ सप्टेंबरला अलिगढचा किल्ला हल्ला करून घेण्यात आला. रुंद पाण्याचा खंदक आणि अरुंद प्रवेशमार्ग यांमुळे तो अवघड मानला जाई. हल्ल्याची वाट दाखविणारा लुकन हा अधिकारी काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांच्या नोकरीत होता. किल्ल्यातील शिबंदी मात्र अखेरपर्यंत लढली; कंपनीचे सुमारे २६० सैनिक व अधिकारी ठार अथवा जखमी झाले.

तीन दिवसांनी पेराँ यांनी शिंद्यांची चाकरी सोडत असल्याचे लेक यांना कळविले आणि कंपनीच्या मुलखातून लखनौला जाण्याची परवानगी मागितली. आपल्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली आहे आणि आपल्या युरोपीय अधिकाऱ्यांनीच आपल्याशी विश्वासघात केला, अशी कारणे त्यांनी दिली. पहिले कारण खरे होते. दौलतरावांनी त्यांच्या जागी अंबाजी इंगळे यांना नेमले होते. ऐन युद्धात सेनापती बदलण्याचा हा निर्णय ब्रिटिशांच्या कोणत्याही जाहीरनाम्याहून अधिक उपयोगी ठरला.

आता दिल्लीत लुई बूर्किन हा दुय्यम फ्रेंच अधिकारी उरला होता. पेराँ यांच्या अधिकाराविरुद्ध बंड करून त्याने सूत्रे हाती घेतली. ११ सप्टेंबरच्या सकाळी लांबची मजल मारून हिंडन नदीजवळ तळ देत असलेल्या लेक यांच्या थकलेल्या सैन्यासमोर तो यमुना ओलांडून उभा राहिला. जागा चांगली निवडली होती. उंचवट्यावर मोर्चे, दोन्ही बगलांना दलदल आणि समोर तोफांची रांग. लेक यांच्याकडे सुमारे साडेचार हजार माणसे होती, तर शिंद्यांचे सैन्य त्याच्या कित्येक पट होते.

लेक घोडदळ घेऊन टेहळणीस गेले, तेव्हा त्यांचा घोडा तोफेच्या माऱ्यात पडला. समोरून हल्ला करणे जड जाईल, हे ओळखून त्यांनी घोडदळाला माघारीचे सोंग करण्याचा हुकूम दिला. शिंद्यांच्या पलटणी मोर्चे सोडून पाठलागावर पुढे आल्या. घोडदळाने मधूनच वाट मोकळी केली आणि मागून येणारे पायदळ संगिनी रोखून समोर आले. पलटणी यमुनेपर्यंत रेटल्या गेल्या. अनेक जण नदीत बुडाले. ६८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या. कंपनीचे पावणेपाचशेच्या वर लोक ठार वा जखमी झाले. १४ सप्टेंबरला बूर्किन आणि त्याचे सहकारी फ्रेंच अधिकारी लेक यांच्या स्वाधीन झाले. १६ सप्टेंबरला लेक यांनी लाल किल्ल्यात वृद्ध बादशहा शाह आलम यांची भेट घेतली. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्यांचे डोळे काढले होते आणि महादजींनी त्यांना पुन्हा गादीवर बसविले होते. त्यांच्या नावाने कारभार करण्याचा अधिकार आता कंपनीकडे गेला.

आराखड्यातील उरलेले कलमही त्याच महिन्यात पुरे होऊ लागले. २९ सप्टेंबरला भरतपूरचे राजे रणजितसिंह यांनी कंपनीशी तह केला. मेरठजवळच्या सरधन्याच्या बेगम समरू यांनी अधिक सावध मार्ग निवडला. त्यांच्या पलटणी दख्खनमध्ये शिंद्यांच्या बाजूने असईच्या मैदानात होत्या आणि त्याच सुमारास उत्तरेत त्यांची कंपनीशी बोलणी चालू होती. आपली जहागीर त्यांनी अखेरपर्यंत टिकवली.

हिशेबात न बसलेले सैनिक

ब्रिटिशांच्या मूल्यमापनात एक मोठी त्रुटी होती. अधिकारी निघून गेले की पलटणी विस्कटतील, हे त्यांनी जवळजवळ गृहीत धरले होते. कॉलिन्स यांनी शिंद्यांची छावणी सोडून परतताना आर्थर वेलस्ली यांना बजावले होते की, शिंद्यांच्या घोडदळाची चिंता करू नका, पण त्यांचे पायदळ आणि तोफा तुम्हाला चकित करतील. हा इशारा फारसा मनावर घेतला गेला नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे वेलस्ली जिंकले. परंतु त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक ठार अथवा जखमी झाले. शिंदे आणि भोसले हे दोघेही त्या वेळी रणांगणात पाय रोवून उभे नव्हते. उभे होते ते गोलंदाज.

१ नोव्हेंबरला आजच्या अलवर जिल्ह्यात लासवारी येथे हेच पुन्हा घडले. दख्खनमधून आलेल्या पलटणी आणि दिल्लीहून वाचलेले सैनिक यांची ती फौज होती. युरोपीय अधिकारी जवळजवळ उरले नव्हते. सरदार अंबाजी इंगळे रणांगण सोडून गेले. तरीही ७२ तोफांभोवती सैनिक जागा न सोडता लढले आणि बहुसंख्येने मारले गेले. कंपनीचे ८०० हून अधिक लोक कामी आले वा जखमी झाले. या सैनिकांच्या शौर्याची वाखाणणी स्वतः लेक यांनी आपल्या पत्रात केली आहे. या फौजेला फ्रेंच अधिकाऱ्यांनी उत्तम नेतृत्व दिले असते तर निकाल काय लागला असता, याची धास्तीही त्यात दिसते.

म्हणजे आघाडीचा कणा पिचका नव्हता. सांधे निखळले होते. १७ डिसेंबर १८०३ रोजी भोसल्यांनी देवगाव येथे वेगळा तह करून कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. तेरा दिवसांनी शिंद्यांनी सुर्जी-अंजनगाव येथे तह करून दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच आणि अहमदनगर गमावले. दोघांनी लढाई एकत्र सुरू केली होती, तहाला मात्र प्रत्येक जण स्वतंत्रपणे बसला.

होळकरांनी उलटवलेला डाव

एप्रिल १८०४ मध्ये कंपनीने यशवंतराव होळकरांशी युद्ध सुरू केले, ते मागील वर्षाच्या यशाच्या भरवशावर. पण होळकरांची फौज वेगळ्या घडणीची होती. तिचा मुख्य भार चपळ घोडदळावर होता आणि तिचे पोट एका ठरावीक मुलखावर अवलंबून नव्हते. आपल्या सेवेतील तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांना फितुरीच्या संशयावरून त्यांनी ठार केले. हे कृत्य क्रूर होते यात वाद नाही. परंतु शिंद्यांचा घात कोठून झाला हे त्यांना उमगले होते, हेही त्यातून दिसते.

जुलै आणि ऑगस्टमध्ये कर्नल मॉन्सन यांच्या तुकडीला मुकुंदरा खिंडीपासून आग्र्यापर्यंत भर पावसात माघार घ्यावी लागली. तोफा चिखलात सोडून द्याव्या लागल्या आणि तुकडीची वाताहत झाली. अलिगढच्या हल्ल्याचे नेतृत्व करणारे मॉन्सन ते हेच. आदल्या वर्षी कंपनीच्या मदतीला आलेला पाऊस या वर्षी होळकरांच्या बाजूने लढला. ऑक्टोबर १८०४ मध्ये होळकरांनी दिल्लीला वेढा घातला. रेसिडेंट ऑक्टरलोनी आणि कर्नल बर्न यांनी थोड्याशा शिबंदीनिशी आठ-नऊ दिवस शहर राखले. लेक जवळ येताच होळकरांनी वेढा उठवला. १३ नोव्हेंबरला डीग येथे त्यांच्या पायदळाचा व १७ नोव्हेंबरला फर्रुखाबाद येथे घोडदळाचा पराभव झाला.

येथे आराखड्याचा दुसरा दोष उघडा पडला. भरतपूरच्या राजांनी वर्षभरापूर्वीचा तह बाजूला ठेवून होळकरांना आश्रय दिला. भीतीने आणि लाभाच्या आशेने जोडलेला मित्र त्याच कारणांनी सुटू शकतो, ही गोष्ट शिंद्यांच्या आघाडीला लागू करणाऱ्या कंपनीने ती स्वतःच्या आघाडीला लावून पाहिली नव्हती. जानेवारी आणि फेब्रुवारी १८०५ मध्ये लेक यांनी भरतपूरच्या मातीच्या तटांवर चार वेळा हल्ले केले. चारही फसले. कंपनीचे तीन हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले.

कंपनीच्या आघाडीचा खरा कच्चा दुवा लंडनमध्ये होता. संचालकांना मुलूख हवा होता, पण कर्ज नको होते. वेलस्ली यांना १८०५ मध्ये परत बोलावण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी ऑगस्टमध्ये खजिन्याचा आढावा घेतला, तेव्हा लेक यांच्या सैन्याचा पगार पाच महिन्यांहून अधिक काळ थकल्याचे आढळले. दुआबाचा महसूल तोडून पेराँ यांच्या पलटणींचा पगार थांबवणाऱ्या सैन्याचीच ही स्थिती होती. पंजाबपर्यंत होळकरांचा पाठलाग करून थकलेल्या कंपनीने २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीच्या काठी राजघाट येथे त्यांच्याशी तह केला. त्यानंतर होळकरांचा बहुतेक मुलूख त्यांना परत मिळाला. शिंद्यांनाही ग्वाल्हेर आणि गोहद नोव्हेंबरमधील वेगळ्या तहाने परत देण्यात आले. दिल्ली आणि दुआब मात्र कंपनीकडेच राहिले.